हिरोची धून आणि प्लेयरचं घड्याळ: गेम म्युझिकवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती की फँटसी आरपीजी (पात्र होऊन गोष्ट जगायचा गेम) साठी म्युझिक करणारं कुणी हे वाचत असेल तर प्रश्न पाठवा. म्हटलं दोन-तीन मेल येतील, तर इनबॉक्सच भरला राव. एवढे लोक रात्री जागून ड्रॅगनसाठी ढोल बडवतायत हे मला माहितीच नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, त्यामुळे जे प्रश्न पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलेत ते घेतलेत, आणि एक-दोन असेही घेतलेत जे फक्त मला आवडले.

ताई, मित्र एक फँटसी आरपीजी बनवतोय आणि म्युझिक माझ्याकडे आहे. गोष्ट वाचून प्रत्येक पात्राला एक अशा ११ थीम केल्या. एकेक ऐकली की भारी वाटते, पण गेममध्ये टाकल्यावर ११ वेगवेगळ्या गेममधून उचलून आणल्यासारखं वाटतंय. काय चुकलं? – अकरा थीमवाला

तुला मेलवर दोन ओळी लिहिल्याच होत्या, आता नीट सांगते. तू पात्रांची यादी समोर ठेवून म्युझिक केलंस आणि गोष्ट बाजूलाच राहिली. यादीत प्रत्येक जण सुटा असतो. गोष्टीत मात्र कुणी कुणाचा भाऊ असतो, कुणी कुणाला फसवलेलं असतं, कुणाचं कुणाशी जुनं देणं असतं, आणि म्युझिकला नेमकं तेच धरायचं असतं. त्यामुळे आधी कीबोर्डला हात न लावता कागदावर लिही की तुमच्या गोष्टीत बदलतं काय. 'राजकुमारी राज्य परत मिळवते' असं नको लिहू, ते नुसतं घडतं. बदलतं म्हणजे तिला आधी वाटत असतं गादी आपल्या हक्काची आणि शेवटी कळतं की सगळ्या भानगडीचं मूळ ती गादीच आहे. ह्या बदलाची एक धून कर, चार ते सात सुरांची, त्याहून लांब नको कारण लांब धून कुठे लपवता येत नाही.

समजा सा प ध प एवढीच ओळ घेतलीस. राजकुमारी घरी आहे तोवर धैवत शुद्ध. राज्य गेलं की फक्त तो धैवत कोमल कर, बाकी काही हलवू नको, वाद्यही तेच ठेव. प्लेयरला सांगता येणार नाही काय झालं, पण काहीतरी बिनसलंय हे त्याला बरोबर कळेल. आता खलनायक. तो तिचा सख्खा काका आहे असं तूच मेलमध्ये लिहिलंयस, मग त्याला परकी थीम का दिलीस? हेच सूर खाली बेसमध्ये घे, निम्म्या लयीत, आणि शेवटचा पंचम गाळून टाक. ज्या प्लेयरला काका कोण ते अजून माहिती नाही त्याच्याही कानाला नातं आधी लागेल, आणि मग गौप्यस्फोटाचा सीन आला की त्याला वाटेल हे तर मला कुठेतरी माहितीच होतं. हे काम डायलॉगला जमत नाही, म्युझिकलाच जमतं.

चांगली उदाहरणं हवी असतील तर अंडरटेल (२०१५) कान देऊन खेळ. टोबी फॉक्सने सुरुवातीला ऐकवलेली साधीशी धून पूर्ण गेमभर वेगवेगळ्या कपड्यांत परत परत आणलीये. स्कायरिमच्या (२०११) थीममध्ये जेरेमी सोलने मॉरोविंडची (२००२) धून विणलीये, म्हणजे नऊ वर्षांपूर्वीचा गेम खेळलेल्या माणसाला पहिल्याच मिनिटात ओळखीचं कुणीतरी भेटतं. आणि तू म्हणशील की फायनल फँटसी ६ मध्ये (१९९४) तर १४ पात्रं आहेत आणि जवळपास प्रत्येकाला थीम आहे, तिथे कसं चाललं? कारण नोबुओ उएमात्सूने त्या थीम पात्राच्या एंट्रीला वाजवून सोडून नाही दिल्या. टेरा या पात्राची थीम जगाच्या नकाशावर फिरताना वाजते, म्हणजे तुम्ही तासन्‌तास तिच्याच सुरांतून चालत असता. आणि शेवटी वीसेक मिनिटांचं एक लांबलचक म्युझिक आहे त्यात एकेकाची थीम एकमेकांत गुंफत येते. त्याने चौदाचे एक केले, तुझे अजून अकराच आहेत.

तुझ्या अकराही धुना फोनवर नुसत्या गुणगुणून रेकॉर्ड कर, वाद्य नको, रिव्हर्ब (घुमणारा नाद) नको. दोन दिवसांनी ऐक. ज्या तुलाच ओळखू येत नाहीत त्या काढून टाक.

माझ्या बॅटल ट्रॅकचा सगळ्यात भारी भाग २ मिनिटं १० सेकंदांवर येतो. पण गेममधली लढाई कधी २० सेकंदांत संपते, कधी सहा मिनिटं चालते. भारी भाग कुणी ऐकतच नाही, आणि लढाई संपली की म्युझिक कचकन तुटतं. – तुटलेला ढोलवाला

हा खरा गेमचा प्रश्न आहे. सिनेमात एडिटर घड्याळ लावून देतो, इथे घड्याळ प्लेयरच्या हातात असतं आणि तो मध्येच चहा प्यायला उठतो.

पहिली गोष्ट, भारी भाग पुढे आण. लढाईच्या ट्रॅकमध्ये ओळखीची धून पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत आली पाहिजे, इंट्रो वगैरे लाड इथे चालत नाहीत.

दुसरं, तुटण्याचं. याचे दोन रस्ते आहेत आणि बहुतेक जण दोन्ही एकत्र वापरतात. एक म्हणजे थर. फिरतानाचं म्युझिक आणि लढाईचं म्युझिक एकाच लयीत, एकाच पट्टीत बनवायचं, फक्त वेगळ्या फायली. खाली तार वाद्यं कायम चालू असतात, शत्रू दिसला की वर ड्रम उघडतात, जीव कमी झाला की ब्रास, आणि सगळं संपलं की थर एकेक करून उतरतात. नियर ऑटोमाटामध्ये (२०१७) केइची ओकाबे आणि त्याच्या टीमने एकाच ट्रॅकचे शांत, जोरदार, गायनासकट, गायनाशिवाय असे प्रकार करून ठेवलेत आणि गेम त्यांच्यातून सरकत राहतो, हॅकिंगच्या भागात तर त्याच धुनेचं जुन्या ८-बिट आवाजातलं रूप ऐकू येतं.

दुसरा रस्ता तुकड्यांचा. म्युझिक तुकड्यांत कापायचं आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात उडी फक्त ठरलेल्या जागी मारायची. इथे थोडं गणित लागतं पण सोपंय. ९६ बीपीएम (मिनिटाला ९६ मात्रा) आणि चार मात्रांचा बार घेतलास तर एक बार बरोबर अडीच सेकंदांचा होतो आणि ४८ बार म्हणजे पूर्ण दोन मिनिटं. आता शत्रूने हल्ला केला आणि इंजिन पुढच्या बारची वाट बघत बसलं तर जास्तीत जास्त अडीच सेकंद जातील. कागदावर हे काहीच नाही, पण तलवार डोक्यात बसल्यावर अडीच सेकंद गावाची बासरी वाजत राहिली तर हसू येतं. म्हणून लगेच एक आघात वाजवायचा, झांज, ढोल, ब्रासचा एक फटका, काहीही, ज्याला लयीचं बंधन नाही. त्याच्या आवाजाखाली मागचं म्युझिक गुपचूप बदलतं. लढाई जिंकल्यावरही तसंच, दोन-तीन सेकंदांची एक समेवर येणारी शेपूट वेगळी बनवून ठेवायची, ती वाजली की मागचा ट्रॅक कुठेही कापा, कुणाच्या लक्षात येत नाही. ही कल्पना नवीन नाहीये बरं का, लुकासआर्ट्समध्ये मायकेल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी यासाठीच आयम्यूज नावाची सिस्टीम बनवली आणि मंकी आयलंड २ मध्ये (१९९१) ती वापरली. आज एफमॉड किंवा वाइज हे गेम ऑडिओचं सॉफ्टवेअर घेतलंस की हे सगळं तयार मिळतं.

आणि लूपसाठी (परत परत फिरणाऱ्या ट्रॅकसाठी) एमपी३ देऊ नको! त्या फॉरमॅटमध्ये फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी रिकामी जागा चिकटते, मग दर दोन मिनिटांनी एक उचकी ऐकू येते. ओजीजी किंवा वेव्ह दे. तुमचा गेम आरपीजी मेकर या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर असेल तर ओजीजीच्या टॅगमध्ये लूपस्टार्ट आणि लूपलेंथ असे दोन आकडे टाकता येतात, म्हणजे इंट्रो एकदाच वाजतो आणि पुढचा भाग फिरत राहतो. आकडे सॅम्पलमध्ये (आवाजाच्या सूक्ष्म तुकड्यांत) द्यायचे असतात. ४८ किलोहर्ट्झवर अडीच सेकंदांचा बार म्हणजे १,२०,००० सॅम्पल, चार बारचा इंट्रो असेल तर लूपस्टार्ट ४,८०,०००. लय ठरवतानाच असा गोल आकडा येईल अशी निवडली तर पुढचा त्रास वाचतो. शेवटच्या सुराचा रिव्हर्ब कापला जात असेल तर तो उरलेला नाद उचलून लूपच्या सुरुवातीवर पेस्ट कर, लगेच जुळतं.

टेस्ट करणाऱ्या मुलीने अर्ध्या तासात म्युझिक म्यूट केलं. म्हणाली छान आहे पण डोकं उठतं. मला वाईट वाटलं. – म्यूट झालेली

वाटणारच. माझंही झालंय. एका छोट्या गेमसाठी मी गावाची धून केली होती, एवढी गोड की पहिल्या दिवशी टीममधले सगळे गुणगुणत होते, आणि चौथ्या दिवशी त्यातल्याच एकाने हात जोडून सांगितलं की ती बासरी बंद कर नाहीतर मी गावाला आग लावतो. गोड होती हेच नडलं. धून जेवढी लक्षात राहणारी तेवढी ती लवकर छळायला लागते, त्यामुळे ठळक धून तिथे ठेवायची जिथे प्लेयर थोडा वेळ असतो, आणि जिथे तो तासभर झाडपाला गोळा करत फिरणार आहे तिथे नुसते लांब सूर, अधूनमधून धुनेचे दोन-तीन सूर, आणि मध्ये चक्क काही नाही. लूप संपला की लगेच परत सुरू करायलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय? एक ते तीन मिनिटांची शांतता टाक, तीही दर वेळी कमीजास्त.

डार्क सोल्स (२०११) आठव. बहुतेक भागात म्युझिकच नाही, फक्त वारा, पाणी, आपल्याच चिलखताचा आवाज. म्हणून शेकोटीच्या त्या फायरलिंकच्या जागी सूर ऐकू आले की माणूस बसून राहतो, आणि बॉस (मोठा शत्रू) आला की कोरस अंगावर येतो. आणि सगळ्यात शेवटचा बॉस, ज्याच्यासाठी एवढं मरत मरत आलो, तिथे मोतोइ साकुराबाने नुसता पियानो ठेवलाय. कारण समोर कुणी महाबली उरलेलाच नसतो, विझत आलेला एक म्हातारा राजा असतो. चाळीस तास शांत राहिल्याशिवाय तो पियानो तसा लागला नसता.

मुलीला परत खेळायला दे, पण आता म्यूट करताना ती गेममध्ये कोणत्या जागी होती तेवढं लिहून घे. जास्त करून लोक एकाच जागी म्यूट करतात.

फँटसी म्हणजे ऑर्केस्ट्रा आणि लॅटिन कोरस हवाच का? माझ्याकडे एक लॅपटॉप आणि माझाच आवाज आहे. – एकटा कोरस

नाही, अजिबात नाही. ऑर्केस्ट्राची सवय लागलीये इतकंच. विचर ३ (२०१५) मध्ये पर्सिवल नावाच्या पोलिश बँडची जुनी लोकवाद्यं आहेत, खरखरीत, थोडी बेसूर वाटणारी, आणि त्या चिखलाच्या जगाला तीच शोभतात. तुम्ही स्वतःला एकच विचारा, हे वाद्य तुमच्या जगात कोण वाजवत असेल आणि ते कशाचं बनलं असेल? झाडंच नसलेल्या जगात व्हायोलिन कुठून आलं? हाडं, दगड, कातडं वाजवा. आरपीजीत हा विचार प्लेयर ऐकतो, त्याला कळत नसलं तरी.

कोरसबद्दल. फायनल फँटसी ७ (१९९७) च्या शेवटच्या लढाईतल्या लॅटिन कोरसने सगळ्यांना वेड लावलं आणि तेव्हापासून प्रत्येक राक्षस लॅटिनमध्येच चिडतो. पण स्कायरिममध्ये कोरस त्या जगाच्या ड्रॅगनभाषेत गातो. नियर (२०१०) साठी एमी इव्हान्सने स्वतः भाषा रचून गाणी लिहिली आणि ती ऐकताना अर्थ एक अक्षर कळत नाही पण रडू येतं. तुम्हीही रचा. लांब सुरांना आ आणि ओ ठेवा, ठेक्याला क, ट, ख असे कडक वर्ण, आणि एकदा ठरवलेले शब्द त्याच अर्थाने वापरा, म्हणजे 'घर' साठी जो शब्द बनवला तो गावातही येईल आणि गाव जळाल्यावरही. कुणाची खरी प्रार्थना उचलून राक्षसाच्या मागे लावू नका, ते बरं दिसत नाही. आणि एकट्याने गाताना आठ-दहा वेळा रेकॉर्ड करा, दर वेळी माइकपासून वेगळ्या अंतरावर उभं राहून, एकदा नाकातून, एकदा छातीतून. तीच टेक कॉपी करून थर वाढवलेत तर कोरस होत नाही, फक्त आवाज मोठा होतो.

मी शास्त्रीय शिकलेय. राग वापरले तर फँटसीत ओढूनताणून वाटेल का? – तानपुऱ्याजवळची

उलट तुमच्याकडे जे आहे ते बाकीच्यांना शिकावं लागतं. पाश्चात्त्य मोड म्हणतात ते सुरांच्या हिशोबाने आपले थाटच आहेत, डोरियन म्हणजे काफी, लिडियन म्हणजे कल्याण, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, फ्रिजियन म्हणजे भैरवी. गेममधली कितीतरी गावं काफीत वसलीयेत, फक्त त्यांना माहिती नाही. डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ (२०१७) मध्ये तर पात्र बनवतानाच प्लेयर चार वाद्यांतून आपलं वाद्य निवडतो आणि त्यात चेलो आणि ऊदच्या शेजारी बन्सरी आहे. पुढे लढाईत मोक्याच्या क्षणी तेच वाद्य मध्ये उसळून येतं. संगीतकार बोरिस्लाव स्लावोव्ह.

पण तुमचा खरा फायदा वेगळाच आहे. कॉर्ड बदलत जाणारं म्युझिक मध्येच कापलं की वाक्य अर्धवट राहिल्यासारखं वाटतं, त्यामुळे वरच्या ढोलवाल्याला एवढं गणित करावं लागतंय. षड्ज धरून ठेवलेलं म्युझिक तुम्ही कुठेही थांबवा, कुठूनही सुरू करा, सा तर चालूच आहे. आलापाचे छोटे छोटे तुकडे रेकॉर्ड करून ठेवा आणि गेमला ते हवे तेव्हा, हव्या क्रमाने उचलू द्या. फक्त सवयीने खाली कॉर्डची भरताड करू नका, तिथे राग मरतो.

स्टाफ नोटेशन येत नाही, चालेल का?

चालेल. उएमात्सूसुद्धा स्वतःच शिकलेला आहे. त्यापेक्षा एक्सेल शिका, खरंच. प्रत्येक सीनची एक ओळ, आणि त्यात किती सेकंद, कोणती पट्टी यासोबत दोन रकाने जरूर ठेवा, ह्या क्षणी प्लेयरला काय माहिती आहे आणि काय माहिती नाहीये. गोष्टीचं म्युझिक ह्या दोन रकान्यांच्या मधल्या फटीत असतं. लेखकाने सीन बदलला की तुम्हाला कुणी सांगत नाही (कध्धीच सांगत नाहीत), तेव्हा ही शीटच वाचवते.

आमच्या गेममध्ये एक लाडकं पात्र मरतं. सॅड पियानो केलाय पण कुणालाच रडू येत नाही, आणि काही जण डायलॉग स्किप करतात. – पियानोवाला

रडू मरणाच्या सीनमध्ये तयार होत नाही, दहा तास आधी तयार होतं. त्या पात्राची धून आधी किमान तीन वेळा आनंदात वाजली पाहिजे, एकदा ते विनोद करताना, एकदा स्वयंपाक करताना, काहीही चालेल, आणि तेव्हा ती इतकी साधी हवी की लक्षही जाऊ नये. मग मरणाच्या वेळी नवीन काही लिहायची गरजच नाही, तीच धून, एखादा सूर कमी.

फायनल फँटसी ७ मधलं एरिथचं मरण सगळ्यांना आठवतं (स्पॉयलर आहे, पण १९९७ चा गेम आहे, किती सांभाळायचं). तिथली गंमत मला फार उशिरा कळली. ती मेल्यावर लगेच बॉसशी लढाई सुरू होते आणि बॅटल म्युझिक लागतच नाही, तिचीच थीम चालू राहते. म्हणजे तुमच्या हातात काम आहे, बटणं दाबायचीत, तलवार चालवायचीये, आणि कानात ती. नेहमीचा बॅटल ट्रॅक लागला असता तर गेमने म्हटलं असतं चला, पुढे. तो म्हणत नाही.

स्किप करणाऱ्यांना करू दे. फक्त डायलॉगच्या ओळीशी सूर बांधू नको, कारण कुणी पटापट वाचतं आणि कुणी त्या स्क्रीनवर पाच मिनिटं तसंच बसतं. धून एका जागी येऊन घुटमळत राहील असा छोटा लूप ठेव आणि शेवटचा सूर फक्त सीन बंद होतानाच सोड.

वय ४६, बँकेत नोकरी, हार्मोनियम वाजवतो. गेम म्युझिकला उशीर झाला का?

ड्रॅगन क्वेस्टचा संगीतकार कोइची सुगियामा, त्याचा जन्म १९३१ चा आणि पहिला ड्रॅगन क्वेस्ट आला १९८६ मध्ये, तुम्हीच वजाबाकी करा, बँकेत आहात. आणि त्याच्याकडे तेव्हा साधन काय होतं तर फॅमिकॉम या जुन्या गेम मशीनचे जेमतेम पाच चॅनेल, त्यातलेही धुनेच्या कामाचे तीन. पहिलं काम मिळवायचं असेल तर गेम जॅममध्ये नाव घाला, दोन-तीन दिवसांत अख्खा गेम बनवायचा असतो आणि प्रत्येक टीमला ऐन वेळी म्युझिकवालं माणूस हवं असतं. आणि केलेलं काम नेटवर टाकत राहा. क्लेअर ऑब्स्क्युअर एक्सपिडिशन ३३ (२०२५) चं म्युझिक करणाऱ्या लोरियन टेस्टार्डने त्याआधी एकाही गेमला म्युझिक दिलं नव्हतं, दिग्दर्शकाला तो त्याच्या ऑनलाइन टाकलेल्या ट्रॅकवरून सापडला. पैशाचं बोलणं आधीच लेखी करा, आणि साउंडट्रॅक वेगळा विकायचा हक्क कुणाचा तेही त्यातच लिहा, मित्र असला तरी. मित्र असला तर जास्तच.

जाता जाता, अंक छापायला जायच्या आधी अकरा थीमवाल्याचा परत मेल आला. म्हणतो फोनवर गुणगुणून पाहिलं, तीन राहिल्या, आठ गेल्या, काकाची थीम आता राजकुमारीच्याच सुरांवर केलीये. पण त्या आठमधली एक, होडीवाल्या म्हातारीची, तिचा गोष्टीशी काही संबंध नाही, ती फक्त नदी पार करून देते, तरी टाकवत नाहीये, काय करू?

ठेव रे. नदी पार करताना वाजव.